न पेटलेल्या शहरांचा अभ्यास : आशुतोष वार्ष्णेय यांचा ग्रंथ आणि त्यामागची कारकीर्द

हिंदू-मुस्लिम दंगलींवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. चौकशी आयोगांचे अहवाल आहेत, पत्रकारांची वृत्तांकने आहेत, नागरी हक्क संघटनांच्या सत्यशोधन समित्यांच्या पुस्तिका आहेत. या बहुतेक लेखनाची सुरुवात दंगल झालेल्या शहरापासून होते आणि तिथे काय घडले, कोणी घडवले, पोलीस कुठे होते, याचा शोध त्यात घेतलेला असतो. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ : हिंदूज अँड मुस्लिम्स इन इंडिया’ (येल विद्यापीठ प्रकाशन, २००२) या ग्रंथात वेगळा प्रश्न विचारला. त्याच काळात, तशाच चिथावण्या झेलून, हिंदू-मुसलमानांचे प्रमाण जवळपास तेच असलेले दुसरे एखादे शहर शांत कसे राहिले? विचारला गेल्यावर हा प्रश्न अगदी उघड वाटतो, पण तो पद्धतशीरपणे हाताळणारे संशोधन त्याआधी फारसे झालेले नव्हते. या एका प्रश्नामुळे हा ग्रंथ वीस वर्षांहून अधिक काळानंतरही विकत घेऊन, पेन्सिल हातात धरून वाचण्याजोगा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात उणिवा आहेत आणि त्यांतील एक गंभीर आहे. तिच्याकडे मी पुढे येईन.

ग्रंथ समजून घ्यायचा तर लेखक त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला हे पाहणे उपयोगाचे ठरते. वार्ष्णेय यांचे शिक्षण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये झाले. हार्वर्ड, मिशिगन आदी विद्यापीठांतील अध्यापनानंतर २००९ पासून ते ब्राउन विद्यापीठात आहेत. त्यांचा पहिला ग्रंथ १९९५ साली केंब्रिज विद्यापीठ प्रकाशनाने काढला आणि त्याचा विषय दंगली हा नव्हता. तो शेतमालाच्या भावांविषयी आणि ग्रामीण भारताच्या राजकीय ताकदीविषयी होता. लोकशाहीत खेड्यांकडे मतांचे बहुमत आहे, ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेपासून उत्तर प्रदेशातील भारतीय किसान युनियनपर्यंत मोठी आंदोलने उभी राहिली, तरीही ग्रामीण भारत सत्तेवर निर्णायक पकड का मिळवू शकला नाही? वार्ष्णेय यांच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग असा की, शेतकरी हा केवळ शेतकरी नसतो. तो एखाद्या जातीचा, धर्माचा, भाषेचाही असतो, आणि मतपेटीपाशी या ओळखी भावाच्या प्रश्नाला छेद देतात. शरद जोशींच्या सभांना लोटलेला जनसमुदाय आणि त्यानंतरच्या निवडणुकांचे निकाल यांतील तफावत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे उत्तर चटकन पटेल.

आर्थिक हितसंबंधांवर माणसाची सामूहिक ओळख केव्हा मात करते, हा प्रश्न वार्ष्णेय यांच्या हाती असा शेतीच्या अभ्यासातून लागला आणि त्यानंतर त्यांनी तो कधी सोडला नाही. दंगलींवरील ग्रंथ हा या प्रश्नाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी टप्पा आहे. ओळख प्रबळ असते हे इथे लेखक गृहीतच धरतो. ती रस्त्यावरच्या रक्तपातापर्यंत केव्हा पोहोचते आणि केव्हा पोहोचत नाही, एवढेच त्याला शोधायचे आहे.

या शोधाचा पाया आकडेवारीचा आहे. वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या शेहेचाळीस वर्षांचा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ दिवसागणिक वाचून हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तयार केली. अशा कामाला लागणारी चिकाटी वाचकाला सहसा दिसत नाही, पण तिच्यातून जे हाती आले ते प्रचलित समजांना धक्का देणारे होते. या सर्व काळातील दंगलबळींपैकी ग्रामीण भागातील बळी ४ टक्क्यांहूनही कमी निघाले. शहरी भारतातही हिंसा सर्वत्र सारखी पसरलेली नव्हती. अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली या आठ शहरांत एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४६ टक्के मृत्यू झाले होते, आणि या शहरांत देशाच्या शहरी लोकसंख्येचा केवळ १८ टक्के भाग राहत होता. दोन धर्मांत मुळातच वैर आहे म्हणून दंगली होतात, असे म्हणणाऱ्याला मग त्याच दोन धर्मांच्या उरलेल्या शहरांचा खुलासा करावा लागतो. देशाचे राजकारण बिघडले म्हणून दंगली होतात, असे म्हणणाऱ्याचीही तीच अडचण होते, कारण देश तर सगळ्या शहरांना एकच आहे. स्पष्टीकरण शहराच्या पातळीवर शोधले पाहिजे, हा निष्कर्ष या नोंदीतून थेट निघतो आणि तो आजही कोणी खोडून काढलेला नाही. बळींचे आकडे एका इंग्रजी दैनिकावरून घेतल्यामुळे लहान गावांतील लहान चकमकी निसटल्या असण्याची शक्यता राहते. ही मर्यादा खरी आहे, पण आठ शहरांतील एवढी दाट एकवट तिच्यामुळे पुसली जाईल असे वाटत नाही.

त्यानंतर ग्रंथ शहरांच्या तीन जोड्या घेतो : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनऊ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत एक दंगलप्रवण शहर आणि एक तुलनेने शांत शहर. पुस्तकाचा प्राण पहिल्या जोडीत आहे. दोन्ही शहरांत मुस्लिम लोकसंख्या ३६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान. शाहबानो प्रकरण असो की अयोध्येचे आंदोलन, दोन्ही शहरांवर आलेले ताण राष्ट्रीय स्वरूपाचे आणि एकाच वेळचे. अलीगढ पुन्हा पुन्हा पेटत राहिले; कालिकत, म्हणजे आजचे कोझिकोड, शांत राहिले. या फरकाचे कारण वार्ष्णेय नागरी जीवनाच्या घडणीत शोधतात.

कालिकतवरील प्रकरण सावकाश वाचावे. केरळात संघटना काढण्याची आणि तिचे सभासद होण्याची हौस सार्वत्रिक आहे. व्यापाऱ्यांच्या संघटना, हमालांच्या संघटना, रिक्षावाल्यांच्या संघटना, वाचनालये, नाट्य आणि कलामंडळे असा सगळा पसारा लेखक उलगडून दाखवतो आणि मग एका तपशिलापाशी थांबतो. शहरातील व्यापारी महासंघाकडे नोंदलेल्या २६ व्यापारी संघटनांपैकी ११ संघटनांत पदाधिकारी दोन्ही धर्मांचे होते आणि अध्यक्ष एका समाजाचा असेल तर सरचिटणीस दुसऱ्या समाजाचा, अशी वाटणी होती. हा नियम कोणत्याही कायद्याने घातलेला नव्हता. बाजारपेठ चालू ठेवण्याची दोघांनाही गरज होती आणि संघटना मोडली तर नुकसान दोघांचेही होते, म्हणून ती पद्धत टिकली. अशा शहरात अफवा उठली की ती खरी आहे की खोटी हे विचारायला फोन करण्याजोगा माणूस पलीकडच्या समाजात असतो, आणि तो माणूस एकटा नसतो. त्याच्या मागे एक संस्था असते.

याच्या शेजारी १९९० सालचे अलीगढ ठेवून पाहावे. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना ठार मारले जात असल्याच्या बातम्या स्थानिक हिंदी वृत्तपत्रांनी छापल्या. त्या निखालस खोट्या होत्या आणि प्रेस कौन्सिलने नंतर त्या वृत्तपत्रांवर ताशेरेही ओढले, पण तोवर शहरात जे व्हायचे ते होऊन गेले होते. अलीगढमध्ये संघटना नव्हत्या असे नाही. त्या होत्या, पण आपापल्या समाजापुरत्या, आणि संकटकाळी रात्रीच्या गस्तीसाठी उभ्या राहिलेल्या मोहल्ला पथकांचेही तसेच होते. त्यांच्यामुळे शेजारच्या वस्तीचा संशय वाढत गेला. पाहणीचे आकडेही हेच सांगतात. एकमेकांकडे नेहमी येणेजाणे असल्याचे कालिकतमधील सुमारे ८४ टक्के लोकांनी सांगितले, अलीगढमध्ये ६० टक्क्यांनी. मुले एकत्र खेळतात असे कालिकतमधील सुमारे ९० टक्के कुटुंबांनी म्हटले आणि अलीगढमधील केवळ ४२ टक्के कुटुंबांनी. या दोन आकड्यांपैकी दुसरा मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो, कारण त्यात पुढच्या पिढीचे चित्र आहे.

लेखकाचा मुख्य सिद्धांत येथे उभा राहतो. शेजाऱ्याच्या घरी जाणे, सणाला फराळ पाठवणे अशा दैनंदिन संबंधांनी खेड्यात भागते, कारण तिथे सारे एकमेकांना ओळखतात. लाखोंच्या शहरात ते पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांचे लोक ज्यांत सभासद आहेत अशा व्यवसायाच्या, कामगारांच्या, राजकीय पक्षांच्या संघटना लागतात. दैनंदिन स्नेह एका अफवेत तुटू शकतो, संघटनेचे जाळे सहजासहजी तुटत नाही. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांवर आणि इफ्तारच्या छायाचित्रांवर ज्यांची भिस्त आहे, त्यांनी हा भाग आवर्जून वाचायला हवा.

उरलेल्या दोन जोड्यांपैकी अहमदाबादचे विवेचन सरस आहे. १९१८च्या गिरणी संपानंतर गांधीजींच्या प्रेरणेने उभे राहिलेले मजूर महाजन, म्हणजे गिरणी कामगारांची संघटना, आणि काँग्रेसची गल्लोगल्ली पोहोचलेली संघटना, या दोन खांबांवर शहराची शांतता दीर्घकाळ तोलली गेली होती. हे खांब आतून कसे पोकळ होत गेले आणि १९६९च्या दंगलीने ते कसे उघडे पाडले, याचे वर्णन एखाद्या शोकांतिकेसारखे वाचकावर परिणाम करते. सुरतबद्दल एक निरीक्षण फार मोलाचे आहे : डिसेंबर १९९२ मध्ये तिथे उसळलेली हिंसा मुख्यतः स्थलांतरित कामगारांच्या झोपडवस्त्यांत झाली, आणि व्यापारी संघटनांनी बांधलेले जुने शहर बव्हंशी शांत राहिले. एकाच शहराच्या दोन भागांत सिद्धांताची कसोटी लागावी, अशी संधी संशोधकाला क्वचित मिळते. लखनऊ-हैदराबाद ही जोडी मात्र मला सैल वाटते. लखनऊची शांतता चिकनकामातील हिंदू व्यापारी आणि मुस्लिम कारागीर यांच्या परस्परावलंबनावर, तसेच शिया-सुन्नी वादाने व्यापलेल्या स्थानिक राजकारणावर उभी असल्याचे लेखक दाखवतो. यात तथ्य आहे. परंतु व्यापारी आणि त्याच्या उचलीवर काम करणारी कशिदाकार स्त्री यांच्यातील नाते हे कालिकतच्या अध्यक्ष-सरचिटणिसाच्या नात्यासारखे बरोबरीचे नाही. दोन्हींना एकाच सिद्धांतात बसवताना विषमतेचा प्रश्न बाजूला पडतो, आणि त्याची दखल घ्यायला हवी होती.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा भाग भिवंडीचा. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत हिंदू आणि मुसलमान दोघांचाही सहभाग असलेल्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि त्यांच्या बैठका दंगल नसतानाही नियमित चालू ठेवल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत ९०० माणसे मेली. हाकेच्या अंतरावरील भिवंडी तेव्हा शांत राहिली. ज्या शहराला कालिकतसारखा संघटनांचा वारसा नाही, तिथेही ते जाळे नव्याने विणता येते, याचा पुरावा म्हणून वार्ष्णेय हे उदाहरण देतात. ग्रंथातील सर्वांत आशादायक पाने हीच आहेत, आणि ती इतकी थोडी का, याची रुखरुख लागते. भिवंडीला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे होते.

याच उदाहरणातून ग्रंथाची ती गंभीर उणीव समोर येते. भिवंडीतील समित्या समाजातून आपोआप उगवल्या नव्हत्या. एका पोलीस अधिकाऱ्याने त्या उभ्या केल्या होत्या. म्हणजे शासनयंत्रणेची इच्छा हा घटक निर्णायक होता. नागरी संघटना मजबूत असतील तर राजकारणी दंगल घडवायला धजत नाहीत आणि पोलीसही नीट वागतात, असा कार्यकारणभाव ग्रंथात मांडलेला आहे, पण तो उलट्या दिशेनेही चालतो याला पुरेशी जागा मिळत नाही. ज्या विल्किन्सन यांच्यासोबत दंगलींची नोंद तयार झाली, त्यांनीच २००४ साली आपल्या स्वतंत्र ग्रंथात वेगळा निष्कर्ष काढला : राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर ते पोलिसांकरवी दंगल रोखते, नसेल तर रोखत नाही. एकाच नोंदीवरून दोन अभ्यासक दोन दिशांना गेले, ही त्या नोंदीची ताकद समजावी. पॉल ब्रास या ज्येष्ठ अभ्यासकाने २००३ साली अलीगढवरच लिहिताना दंगली घडवणाऱ्या कायमस्वरूपी यंत्रणेवर बोट ठेवले आणि दंगल हे पद्धतशीर उत्पादन असल्याचे म्हटले. या तिघांना एकत्र वाचले तर चित्र पुरे होते : दंगल घडवण्यात कोणाला रस आहे हे ब्रास दाखवतात, ती थांबवण्याचे बळ कोणाकडे आहे हे विल्किन्सन सांगतात, आणि समाज स्वतः किती काळ तग धरू शकतो हे वार्ष्णेय यांच्याकडून कळते.

ग्रंथ आला त्याच वर्षी, २००२ साली, गुजरात पेटले. अहमदाबाद आणि बडोदा त्यात होरपळले यात ग्रंथाच्या वाचकाला अनपेक्षित काही नव्हते, आणि शेहेचाळीस वर्षांच्या हिंसाचाराच्या नोंदीतून काढलेला नकाशा त्या अर्थी खरा ठरला. परंतु त्या वेळी हिंसा पंचमहाल, मेहसाणा, साबरकांठा या जिल्ह्यांतील खेड्यांतही पोहोचली, आणि खेड्यात दैनंदिन संबंध पुरेसे असतात हे प्रतिपादन तिथे डळमळीत झाले. राज्ययंत्रणेच्या भूमिकेचा प्रश्न वर आला आहे, तो इथे अधिकच तीव्र होतो.

वार्ष्णेय यांची पुढची वाटचाल पाहता हा ग्रंथ त्यांनी शेवटचा शब्द मानला नाही, हे जाणवते. २००३ सालच्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी राष्ट्रवादामागील विवेकाचा प्रश्न घेतला. नफा-तोट्याचा हिशेब करून कोणी छातीवर गोळी झेलत नाही. प्रतिष्ठा, स्वाभिमान, अपमानाची जाणीव या मूल्यांसाठी माणसे जिवावर उदार होतात, आणि जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने सांगितलेला मूल्यनिष्ठ विवेक लक्षात घेतल्याशिवाय राष्ट्रवाद कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेतकऱ्याने भाव बाजूला ठेवून जातीला मत का दिले, या १९९५च्या प्रश्नाला मिळालेले हे तात्त्विक उत्तर आहे. त्यानंतर इंडोनेशियातील सामूहिक हिंसेची वृत्तपत्रांवरून नोंद तयार करण्याच्या कामात ते सहभागी झाले, आणि तिथेही हिंसा मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेली दिसली. २०१३ साली आलेल्या ‘बॅटल्स हाफ वन’ या निबंधसंग्रहात भारतीय लोकशाहीचा लेखाजोखा आहे. तो वाचायला सोपा आहे, पण त्याची पकड दंगलींवरील ग्रंथाइतकी घट्ट नाही. अलीकडच्या वर्षांत हिंदू राष्ट्रवादाबद्दलचे त्यांचे लेखन उघडपणे चिंतेचे झाले असून अमेरिकेच्या दक्षिणेतील वंशभेदी राजवटीशी त्यांनी केलेल्या तुलनेवर वाद आहे. ती तुलना मान्य करा वा न करा, तिच्यामागे तीन दशकांचे मोजमाप आहे हे ध्यानात ठेवूनच तिच्याशी वाद घालावा.

ग्रंथाची भाषा विद्यापीठीय असली तरी दुर्बोध नाही. संशोधनपद्धतीवरील सुरुवातीची प्रकरणे सामान्य वाचकाला जड जातील. त्यांनी आकडेवारीचे प्रकरण वाचून थेट कालिकतवर जावे, नंतर अहमदाबाद व सुरत आणि मग समारोपातील भिवंडी. पत्रकार, पोलीस अधिकारी आणि शांतता समित्यांवर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हा क्रम पुरेसा आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मात्र पहिले पानही सोडू नये, कारण तुलना कशी रचावी याचा असा वस्तुपाठ भारताविषयीच्या लेखनात क्वचितच सापडेल. तुलनात्मक राजकारणातील सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचा ल्युबर्ट पुरस्कार त्याला मिळाला, तो सार्थ होता.

पाहणीची पद्धतही ग्रंथात तपशिलाने दिलेली आहे, आणि महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने ती उचलावी असे मनापासून वाटते. भिवंडी आणि मालेगाव ही दोन्ही यंत्रमागांची शहरे, दोन्हींत मुस्लिम वस्ती मोठी, दोन्हींत बाहेरून आलेला कामगार मोठा. वार्ष्णेय यांची नोंद १९९५ साली थांबते. त्यानंतर २००१ साली मालेगावात दंगल झाली. यंत्रमागधारकांच्या, सूत व्यापाऱ्यांच्या आणि कामगारांच्या संघटनांत तेव्हा कोण कोणासोबत बसत होते आणि आज कोण बसते, हे दोन्ही शहरांत जाऊन विचारण्याजोगे आहे.